गाणे कोणी पाठवले?

तेलगावात यंदा कोणते गाणे चालले आहे, हे समजायला मोबाईल लागत नाही. गाळप हंगाम सुरू झाला की सुंदरराव सोळंके साखर कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस जात राहतात. मागे दोन ट्रॉल्या, त्यावर रचलेल्या मोळ्या आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर भोंगे. बीडहून परळीकडे आणि माजलगावहून धारूरकडे जाणारे रस्ते जिथे मिळतात, त्या चौकात एक गाणे संपण्याआधी दुसऱ्या ट्रॅक्टरचे गाणे येऊन धडकते. डिसेंबरपर्यंत गावातल्या शेळ्यांनाही चाल पाठ झालेली असते. फजरच्या वेळी त्रास होतो, आम्ही कुरकुरतोही. पण एक कबूल करायला हवे. त्या गाण्याचा धनी समोर दिसतो. ‘अरे बाबा, आवाज जरा कमी कर’ असे त्याला तोंडावर म्हणता येते.

घरात मात्र उलटे झाले आहे. आमच्या घरी पाच माणसे आणि चार मोबाईल. रात्री जेवणे उरकली की नववीतली मुलगी एका कोपऱ्यात, बारावीतला भाचा दुसऱ्या कोपऱ्यात, दोघांच्याही कानात बोळे. मुलीची अम्मी भांडी आवरताना काहीतरी ऐकते, आम्ही वह्या तपासताना काहीतरी ऐकतो. कोण काय ऐकते, कोणालाच पत्ता नाही. फक्त आमच्या अम्मी पलंगावर बसून तस्बीह ओढत सगळ्यांची तोंडे पाहत असतात. वर्षभरापूर्वी आम्हाला कोणी विचारले असते तर यात काही वावगे आहे असे आम्ही म्हटलेही नसते.

मग गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मगरिबनंतर भाच्याच्या वर्गमित्राचे वडील दारात आले. एरवी चहा घेतल्याशिवाय न उठणारे गृहस्थ, त्या दिवशी बसलेच नाहीत. म्हणाले, “सर, पोराचं स्टेटस बघा एकदा. मी बघितलं ते बरं झालं. आधी काढायला लावा.”

पाहिले. जुन्या कव्वालीची चाल, आवाज सुरेख. सुरुवातीला चादर, फुले, मजारीचा घुमट. शेवटच्या काही सेकंदांत मात्र चित्र बदलत होते; तलवार येत होती आणि तिच्याखाली एक वाक्य. ते वाक्य इथे लिहिण्यासारखे नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेला डिवचण्यासाठीच ते घातलेले होते. कव्वालीचा आणि त्याचा काडीचा संबंध नव्हता. भाच्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने पहिली वीस सेकंदेच ऐकली होती. “आवाज अच्छा लगा मामू,” एवढेच तो म्हणत राहिला.

“ये कौन भेजा तेरे कू?” अम्मींनी विचारले.

“मालूम नै नानी. ग्रुप में आया.”

“ग्रुप किसका?”

ते तरी त्याला कुठे माहीत होते! कोणीतरी त्याला त्यात घातले होते. स्टेटस काढले, तोवर पाहणाऱ्यांच्या यादीत त्रेसष्ट नावे होती. त्या रात्री आम्ही ती नावे एकेक करून वाचली. शेजारी, विद्यार्थी, किराणा दुकानदार, भाच्याचे शिक्षक. दुसऱ्या दिवशी काही झाले नाही, कारण एक माणूस वेळेवर दारात आला होता. पण झोप लागली नाही ती उगाच नव्हे. जून 2023 मध्ये अशाच मोबाईल स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली, आणि त्याच आठवड्यात आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टीत एका शाळकरी पोराच्या स्टेटसवरून बंद पाळला गेला. त्याआधी, 1 जुलै 2018 ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरे पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. त्या अफवाही मोबाईलवरून अशाच फिरत होत्या. आलेला मजकूर पुढे ढकललेला असेल तर तसे दाखवणारी खूण व्हॉट्सअॅपने त्याच महिन्यात आणली. पण ती खूण एवढेच सांगते, की हे दुसऱ्याचे आहे. कोणाचे, ते सांगत नाही.

अम्मींचा प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. ये कौन भेजा? आमच्या लहानपणी हा प्रश्न पडतच नसे, कारण गाण्याच्या आधी नावे यायची.

मरहूम वालिदसाहेबांना फर्माईश पाठवायचा भारी शौक. 15 पैशांचे पोस्टकार्ड, वरच्या कोपऱ्यात सिनेमाचे नाव, आणि खाली घरातल्या सगळ्यांची नावे. आमचे नाव ते शेवटी घालत, कारण आम्ही धाकटे. नुकत्याच जन्मलेल्या बहिणीचेही नाव त्यांनी एकदा घातले होते. परभणी केंद्रावरून आमची नावे खरोखर कितीदा वाचली गेली, ते आता आठवत नाही, दोनदा असावे. पण कार्ड टाकल्यापासून प्रत्येक वेळी सगळे घर रेडिओभोवती बसायचे. फर्माईशीसाठी झारखंडमधले झुमरीतलैया देशभर गाजले. वालिदसाहेब म्हणत, “नाव घेण्यात तेलगाव कुठं कमी आहे? पोष्टमन रोज आला पाहिजे, एवढंच.”

ही चटक सगळ्या देशाला लावली ती अमीन सयानींनी. फेब्रुवारी 2024 मध्ये ते गेले तेव्हा वृत्तपत्रांत त्यांच्या आवाजाबद्दल पुष्कळ लिहून आले. आम्हाला मात्र त्यांच्या कार्यक्रमाची रीत जास्त महत्त्वाची वाटते. त्या काळी माहिती खात्याचे मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवर सिनेसंगीताला जवळजवळ दार बंद केले होते. त्यामुळे लोक रेडिओ सिलोन लावू लागले, आणि 3 डिसेंबर 1952 ला तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आल्याचे सयानीसाहेब स्वतः सांगत. आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली ती 1957 मध्ये. गीतमालेत पुढे गाण्यांची क्रमवारी लागू लागली. ती लावताना तबकड्यांच्या दुकानांतली विक्री पाहिली जाई, आणि गावोगावच्या श्रोता संघांचे मतही घेतले जाई. म्हणजे चार माणसे एकत्र बसत, वाद घालत, मग नावानिशी कळवत. कोणी मोजले, कसे मोजले, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असे. आज गाण्याखाली दहा कोटी आकडा दिसतो, त्यातले एकही नाव आपल्या ओळखीचे नसते.

सयानीसाहेबांची भाषा कुठून आली, हे आमच्या वाचक भगिनींना आवडेल. त्यांच्या वालिदा कुलसूम सयानी या ‘रहबर’ नावाचे पाक्षिक काढत. नव्याने वाचायला शिकलेल्यांसाठी, सोप्या हिंदुस्तानीत, आणि मजकूर देवनागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिप्यांत. गांधीजींचे त्याला प्रोत्साहन होते. पोरगा त्या कामात हातभार लावत वाढला. पुढे ‘बहनों और भाइयों’ म्हणताना त्याने बहिणींना आधी ठेवले.

असो. स्टेटसच्या प्रकारानंतर पहिला विचार आला तो सगळ्यांचे मोबाईल काढून घेण्याचा. आठ दिवस घेतलेही. भाचा मित्राच्या मोबाईलवर ऐकू लागला. वर्गात आम्ही एवढी वर्षे काढली, तरी घरात हे ध्यानात यायला आठ दिवस लागले! मग मोबाईल परत दिले आणि ठरवले, की जुमेरातला इशानंतर सगळ्यांनी एकत्र बसायचे. प्रत्येकाने एकच गाणे आणायचे. कोणी सुचवले, ते सांगायचे. का आवडले, तेही सांगायचे. व्हिडिओ असेल तर शेवटपर्यंत पाहायचा.

इथे काही वाचक थांबतील हे आम्ही जाणतो. संगीत, विशेषतः वाद्ये, यांविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत. बरेच उलेमा वाद्यांना सक्त मनाई मानतात, आणि ज्या घरात तसे पाळले जाते त्या घराचा आम्हाला आदरच आहे. फतवा देणे शिक्षकाचे काम नव्हे. ईदच्या दिवशी हजरत आयेशा (रजि.) यांच्या घरी दोन मुली गात होत्या. हजरत अबूबकर (रजि.) यांनी त्यांना हटकले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना गाऊ द्या म्हणून सांगितले. सहीह बुखारीतली ही हदीस दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या परीने समजावतात. आम्हाला भावले ते इमाम गजाली (रह.) यांच्या ‘इह्या उलूमुद्दीन’मध्ये आलेले हजरत जुनैद बगदादी (रह.) यांचे सांगणे. समा ऐकायला तीन गोष्टी लागतात : वेळ, जागा आणि सोबती. आमच्या पोराची नेमकी तिसरी गोष्ट हरवली होती. आणि ज्यांना वाद्ये नकोत त्यांच्या पोरांच्या मोबाईलवरही नात आणि बयान कोणीतरी अनोळखी माणूसच पाठवत असतो. तेव्हा प्रश्न त्यांनाही लागू आहेच.

पहिल्या जुमेरातला भाच्याने ट्रॅक्टरवरचे गाणे आणले. मुलीच्या अम्मी म्हणाल्या, “एक शब्द कळला नाही.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “पण पाय हलतो, हे खरं.” यावर अर्धा तास वाद झाला. शब्द न कळताही आवडते ते गाणे चांगले की वाईट? निकाल लागला नाही.

आम्ही ‘बैजू बावरा’मधले मालकंसातले भजन आणले. 1952 चा सिनेमा. शकील बदायुनींनी लिहिले, नौशादांनी चाल दिली, रफीसाहेबांनी गायले. मुलीच्या अम्मींनी लगेच ‘मुगल-ए-आझम’मधली नात पुढे केली : शकील आणि नौशाद तेच, आवाज लता मंगेशकरांचा. भाचा दोन्ही ऐकून गप्प होता. मग म्हणाला, “मग त्या व्हिडिओत ती तलवार कशाला घातली असेल, मामू?” आम्ही त्याला उत्तर दिले नाही. त्याला ते सापडलेले होते.

मुलीने ‘रॉकस्टार’मधली ए. आर. रहमान यांची कव्वाली आणली. ही दिल्लीला हजरत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यात चित्रित झालेली आहे. मैत्रिणीने सुचवली, तिच्या शाळेतल्या स्नेहसंमेलनात ऐकली होती, असे तिने रीतसर सांगितले. अम्मी डोळे मिटून बसल्या होत्या. ध्रुपद आले तसे त्यांनी डोळे उघडले. “ये तो यासीन के अल्फाज हैं.” मुलीला हे ठाऊक नव्हते. सूरे यासीन ती दर जुम्म्याला वाचते, ब्याऐंशीव्या आयतीवरून तिची नजर दर आठवड्याला जाते, आणि गाणेही तिला तोंडपाठ. दोन्ही एकच आहे, हे मात्र तिला तेव्हा कळले. उठून तिने कुरआन शरीफचा मराठी तर्जुमा काढला. अम्मींनी मत दिले : ऐकायला हरकत नाही, पण “इस पे नाच के वो छोटे व्हिडिओ बनाने का नै.” मुलीला ते पटले, असे तिने सांगितले. आम्ही विश्वास ठेवला.

नातींच्या बाबतीत अम्मी फार कडक निघाल्या. हल्ली नातीच्या मागे ‘अल्लाह अल्लाह’ असा जिक्र ढोलासारखा ठोकत ठेवतात आणि आवाज घुमवतात. ते ऐकून त्या म्हणाल्या, की वाद्य नको म्हणून अल्लाहच्या नावालाच वाद्य केले. हे मत आम्हाला कोणत्याही पुस्तकात सापडले नसते.

त्यांची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, “मेरा गाना मोबाईल में नै.” त्यांचे गाणे म्हणजे जात्यावरचे. आमच्या नानीकडे दळताना मराठी ओव्या आणि दखनी चक्कीनामे एकाच दमात चालत. विजापूरच्या सूफींनी सतराव्या शतकात बायकांना दीन समजावा म्हणून दखनीत चक्कीनामे, चरखानामे रचले. जात्याच्या खुंट्यात अलिफ पाहायला शिकवणारे ते गाणे. आम्हाला एक आठवले. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या पुष्कळ आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहावर ऐकता येतात. आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी 1996 मध्ये गायलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्याही त्यात आहेत. त्या लावल्या. तेलगावहून माजलगाव ते किती लांब! अम्मींनी दोन ओव्या ऐकल्या, मान हलवली, आणि तिसरीला स्वतःच सुरू झाल्या. चाल तीच होती, शब्द त्यांच्या आईचे.

भाच्याने मोबाईल पुढे धरला होता. पुरे झाल्यावर अम्मींनी त्याला दटावले, “मेरी आवाज ग्रुप में नक्को डाल.” बरीच मनधरणी झाली. शेवटी, फक्त औरंगाबादच्या फुफीला पाठवायचे, असे ठरले. भाच्याने खाली लिहिले : ‘नानीने म्हटले, तुमच्या नानीचे गाणे आहे.’

दुसऱ्या दिवशी फुफीचा आवाज आला. तिने पुढची ओवी म्हणून पाठवली होती. अम्मींनी ती तीनदा ऐकली आणि सांगितले, की चाल चुकली, तिला उद्या फोन लावून द्या.