सिस्टर, कंपाउंडर आणि सहा महिन्यांचा कोर्स

दवाखान्यात ॲप्रन घातलेली मुलगी दिसली की पेशंट तिला ‘सिस्टर’ म्हणतात आणि मुलगा दिसला की ‘कंपाउंडर’. हाक मारायला ते सोयीचं आहे. पण बारावी झालेल्या लेकीला घेऊन आईवडील समोर बसतात आणि ‘डॉक्टर, हिला सिस्टरचा कोर्स लावायचाय, सहा महिन्यांचा’ म्हणतात, तेव्हा त्या हाकेतला घोळ मलाच निस्तरावा लागतो.

सहा महिन्यांत कुणी नर्स होत नाही. एएनएमला दोन वर्षं लागतात, जीएनएमला तीन, बीएस्सी नर्सिंगला चार. त्यानंतर राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाली तरच नर्स म्हणून काम करता येतं. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रावर ‘नर्सिंग असिस्टंट’, ‘पेशंट केअर असिस्टंट’ असं काहीतरी असतं. एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या जाहिरातीत यातला ‘नर्सिंग’ हा शब्द हातभर असतो आणि ‘असिस्टंट’ बोटभर.

म्हणून हे असिस्टंटचे कोर्स खोटे ठरत नाहीत. जनरल ड्युटी असिस्टंट, म्हणजे जीडीए, हा सरकारच्या कौशल्य योजनांमध्ये असलेला रीतसर कोर्स आहे. त्यातून मिळणारं काम नर्सचं नव्हे, एवढंच. त्यावर लोक लगेच विचारतात, ‘म्हणजे आयाबाईचंच की! त्याला शिकायचं काय?’

अर्धांगवायू झालेल्या माणसाला पलंगावरून खुर्चीत बसवताना खुर्ची त्याच्या धडधाकट बाजूला ठेवायची, हे शिकावं लागतं. अंथरुणाला खिळलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर माकडहाडावर, टाचांवर जखमा होतात. भरवताना डोकं उंच ठेवायचं, भरवून झाल्याबरोबर आडवं करायचं नाही, कारण घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खालीच राहिली पाहिजे. पेशंटला फिरवायला नेताना ती त्याच्या मांडीवर ठेवलेली मी कितीदा तरी पाहिली आहे. पिशवीतली लघवी उलटी आत जाते आणि चार दिवसांनी ताप चढतो. नर्सिंग ब्यूरोकडून घरी येणाऱ्या मावशींपैकी कुणाला हे येतं आणि कुणाला नाही, ते म्हाताऱ्या माणसाची पाठ उघडी करून पाहिली की कळतं.

आता कंपाउंडर. हा शब्द औषधं मिसळण्यावरून आला. दवाखान्यात लाल-गुलाबी मिक्श्चर बाटलीत भरून, डोसांसाठी खाचा कापलेली कागदी पट्टी चिकटवून मिळायचं, तेव्हाचा तो माणूस. बाटल्या गेल्या, नाव राहिलं. अजूनही पुष्कळांना वाटतं की दहा वर्षं दवाखान्यात काढली की माणूस आपोआप फार्मासिस्ट होतो. 1948च्या फार्मसी कायद्यानं ते शक्य नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध तयार करून देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टचा. डॉक्टरला स्वतःच्या पेशंटसाठी त्यातून मोकळीक आहे, पण ती डॉक्टरला आहे. फार्मासिस्ट व्हायचं तर किमान डी. फार्म. करावं लागतं, म्हणजे दोन वर्षांचं शिक्षण आणि वर 500 तासांचं प्रात्यक्षिक.

याच वाटेवरचा जास्त धोक्याचा समज म्हणजे ‘डॉक्टर गावाला गेले तर कंपाउंडर बघतो.’ हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. महाराष्ट्रात 1961चा वैद्यक व्यवसायी अधिनियम आहे, नोंदणी नसताना वैद्यकी करणं हा त्याखाली गुन्हा ठरतो. कायदा राहू द्या बाजूला. ‘सुई टोचायला काय, हात बसला की झालं’ म्हणणाऱ्यानं इंजेक्शननंतर दोन मिनिटांत निळा पडत चाललेला पेशंट पाहिलेला नसतो. सुई दंडात नीट गेली की नाही हा त्यातला सोपा भाग. ती कुणाला द्यायची नाही, आणि दिल्यावर रिॲक्शन आली तर पुढच्या क्षणाला काय करायचं, हे दुरून बघून येत नाही.

सुईचाच विषय निघाला म्हणून सांगतो. नवीन मुलांना भीती असते एचआयव्हीची. बाधित माणसाची सुई चुकून टोचली तर त्याचा धोका हजारात सुमारे तीन असतो. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीचा धोका मात्र शंभरात 6 ते 30 इतका. त्यावर शून्य, एक आणि सहा महिने अशी तीन डोसांची लस आहे. 2016च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार ती कर्मचाऱ्याला देणं मालकाची जबाबदारी आहे. नोकरी धरताना पगार सगळेच विचारतात, लसीचं कुणी विचारत नाही. त्याच नियमांतले रंगही पाठ हवेत: रक्ताळलेला कापूस पिवळ्यात, सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. आणि वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही. पुष्कळ टोचण्या तिथंच होतात.

‘केस पेपर लिहायचे आणि नंबर पुकारायचे’ एवढंच काम समजून येणारेही असतात. बाकड्यावर बसलेल्या वीस जणांत घामाघूम होऊन छाती चोळणारा एक असतो आणि त्याचा नंबर सतरावा असतो. तो माझ्या आधी असिस्टंटला दिसतो. रक्तदाबाचंही तसंच. शर्टाच्या बाहीवरून गुंडाळलेला किंवा दंडाला लहान पडणारा पट्टा, पेशंटशी गप्पा मारत घेतलेलं माप, यांनी आकडा उगाच चढतो आणि नसलेल्या आजाराची गोळी सुरू होते. पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजणारी मुलगी मला पदवीपेक्षा महत्त्वाची वाटते.

मोबाइलवर ‘मेडिकल असिस्टंट’ शोधून येणाऱ्यांचा गोंधळ आणखी वेगळा. त्यांना सापडते ती माहिती बहुधा अमेरिकेची. तिथं हा स्वतंत्र पेशा आहे, त्यांची संघटना 1956पासून आहे, तिची परीक्षाही आहे. गंमत म्हणजे तिथल्याही बहुतेक राज्यांत या कामाला परवाना लागत नाही. आपल्याकडे या नावाची कायदेशीर नोंदणीच नाही. लॅब, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस अशा तंत्रज्ञांसाठी संसदेनं 2021 मध्ये वेगळा कायदा केला, त्यात सहायक आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान 2000 तासांचं, दोन ते चार वर्षांत पसरलेलं शिक्षण धरलं आहे. विज्ञानाची आवड असलेल्या मुलांना मी आधी ही यादी बघायला सांगतो.

परवा आईवडिलांबरोबर आलेल्या मुलीला तरीही जवळचाच सहा महिन्यांचा कोर्स हवा होता, घरची अडचण होती. ठीक आहे म्हटलं, फी भरण्याआधी तिथं दोन प्रश्न विचार: प्रमाणपत्रावर नेमके कुठले शब्द येणार, आणि प्रात्यक्षिक कुठल्या रुग्णालयात, किती तास. तिनं माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, ‘रुग्णालय कशाला ताई, आमच्याकडे पुतळा आहे ना.’