मधुमेह, भाकरी आणि रक्तातील मेद

पूज्य बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने ग्रासले होते. तोच विकार आज पाथर्डीच्या वाड्यावस्त्यांवर, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतही शिरला आहे. 'अंगावर मांस नाही, मग चरबी कोठून?' असे पालक आम्हांस विचारतात. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये याचे उत्तर स्वतःच्याच देहाने दिले. ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी यांचा बीएमआय समान, 22.3, परंतु सहकाऱ्याच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या 21.2 टक्के!

गरजेहून अधिक पिष्ट व साखर पोटात गेली की यकृत त्यांचे ट्रायग्लिसराइड बनवते. इन्सुलिन निष्प्रभ झालेल्या मधुमेहींत ते अधिकच साचते आणि हितकारक एचडीएल घटते. म्हणून भात, मैदा, साखर कमी केल्यास बहुधा ट्रायग्लिसराइड उतरते, एचडीएल किंचित वाढते. बाजरीच्या भाकरीचा आम्हांस अभिमान आहे. पण तीही पिष्टच, दोनाची एक करावीच लागते.

एलडीएलची गोष्ट मात्र निराळी. भाकरी घटवून ताटात तूप-लोणी वाढवले, तर रक्तवाहिन्यांत थर धरणारे हे कोलेस्टेरॉल उलट चढू शकते. त्या जागी मटकी, हुलगे, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे यावेत. आहार बदलण्यापूर्वी आणि तीनेक महिन्यांनी रक्तातील मेदांची तपासणी करावी. इन्सुलिन वा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी मात्रा आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. अन्यथा भाकरी कमी होताच साखर धोकादायकरीत्या खाली येते.