अर्जातील संबोधन व अभिवादन

शिष्यवृत्ती असो, जातीचा दाखला असो वा बँकेचे कर्ज, कामाची सुरुवात अर्जाने होते आणि अर्जाची सुरुवात संबोधनाने. आमच्या पाहण्यात येणाऱ्या अर्जांत नेमका येथेच गोंधळ असतो. कोणी साहेबांचे नाव लिहितो, कोणी 'मायबाप' म्हणतो, तर कोणी मंडळाच्या पत्राप्रमाणे कार्यालयालाही 'सप्रेम जयभीम' लिहितो.

अर्ज व्यक्तीला नव्हे, पदाला लिहावयाचा असतो. साहेबांची बदली होते, पद जागेवर राहते. म्हणून 'प्रति' खाली पद, कार्यालय व गाव एवढेच लिहावे. पद मात्र नेमके हवे. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात, जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात. तेव्हा समुद्रपूरच्या विद्यार्थ्याने जातीच्या दाखल्यासाठी 'मा. उपविभागीय अधिकारी, हिंगणघाट' असे लिहावे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ खालील अर्ज 'जन माहिती अधिकारी' यांना करावयाचा असतो. त्यांना सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते आणि माहिती कशासाठी हवी हे अर्जदाराला सांगावे लागत नाही. विनवणीला तेथे जागाच नाही.

त्यानंतर विषय व संदर्भ, आणि मग 'महोदय'. अधिकारी महिला असल्यास 'महोदया'. ठाऊक नसल्यास 'महोदय/महोदया' लिहावे. एवढा मान पुरेसा आहे. २०१२ साली राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या कार्यालयानेच 'महामहिम' सोडून 'राष्ट्रपती महोदय' हे संबोधन पसंत केले. मग तालुक्याच्या साहेबांना 'मायबाप' कशाला? 'मी गरीब अर्जदार', 'आपला कृपाभिलाषी' हेही शब्द गाळावेत. गरिबी सिद्ध करावयास उत्पन्नाचा दाखला जोडलेला असतोच! आपल्या आजोबा-पणजोबांना 'जोहार' घालावा लागे. त्या जागी 'जयभीम' रूढ करण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास (१९०४-१९३९) यांना दिले जाते. जोहार गेला, पण अर्जातील लाचारी अजून पुरती गेलेली नाही, याचे आम्हास वाईट वाटते.

मग कार्यालयीन अर्जात 'जयभीम' लिहावे काय? आमच्या मते नको. त्यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु ते आपुलकीचे अभिवादन आहे, आणि कार्यालयाशी आपला संबंध कायद्याचा आहे. मंडळाच्या, शाखांच्या व स्नेह्यांच्या पत्रांत मात्र ते अवश्य असावे. भिक्खूंना लिहिताना 'पूज्य भन्ते, वंदामि' असे लिहावे. आपल्या पश्चात वडील भिक्खूंना 'भन्ते' किंवा 'आयस्मा' म्हणावे, असे तथागतांनी सांगितल्याचे महापरिनिब्बान सुत्तात आहे. आपल्या निमंत्रणपत्रिकांवरील 'आयुष्मान' त्याच 'आयस्मा'चे संस्कृत रूप होय. 'आयु.' एवढेच लिहिल्यास पुरुष की स्त्री हे कळत नाही, म्हणून पाकिटावर तरी पूर्ण शब्द लिहावा.

शेवटी उजवीकडे 'आपला विश्वासू' वा 'आपली विश्वासू'. मंडळातर्फे असल्यास 'आपले विश्वासू', सही, पदनाम व शिक्का. स्वतःच्या नावामागे श्री., सौ. किंवा आयु. लावू नये. नाव दाखल्यावर आहे तसेच लिहावे. एका मात्रेच्या फरकानेही पडताळणीत हेलपाटे पडतात. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात व दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊनच खिडकीपासून हलावे.