लॉकडाऊनमध्ये हवा खरंच स्वच्छ झाली होती का?

एप्रिल २०२० आठवतोय? पंजाबातल्या जालंधरमधून हिमालयाच्या धौलाधार रांगा दिसू लागल्या आणि गच्चीवरून काढलेले ते फोटो देशभर फिरले. दिल्लीचं आकाशही निळंशार झालं होतं. तेव्हा अनेकांनी एकच निष्कर्ष काढला: गाड्या थांबल्या की प्रदूषण संपतं. पण ही अर्धीच गोष्ट आहे.

नेमकं काय कमी झालं?

२५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाऊन लागला. वाहनं, विमानं, बांधकामं आणि बहुतेक कारखाने एकदम थांबले. सगळ्यात ठळक परिणाम दिसला तो नायट्रोजन डायऑक्साइडवर. शहरांत हा वायू मुख्यतः पेट्रोल-डिझेल जळाल्यामुळे तयार होतो आणि हवेत काही तासच टिकतो. म्हणून गाड्या थांबताच तो घटला. दिल्लीत तर तो जवळपास निम्म्यावर आला. त्याआधी चीनमधलं वुहान बंद झालं, तेव्हाही उपग्रहांनी अशीच घट टिपली होती.

मग सगळं श्रेय लॉकडाऊनचं?

नाही. मार्च-एप्रिलमध्ये ऊन वाढतं, हवा तापून वर जाते आणि प्रदूषण उंचावर विरळ होतं. त्यामुळे उत्तर भारतात या महिन्यांत हवा तशीही हिवाळ्यापेक्षा बरी असते. म्हणूनच 'लॉकडाऊनच्या आधी आणि नंतर' अशी सरळ तुलना फसवी ठरते. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली संशोधकांनी दिल्लीसह जगातल्या ११ शहरांचा अभ्यास केला. हवामानाचा परिणाम वजा केल्यावर सुधारणा अपेक्षेपेक्षा कमी निघाली. लंडन आणि पॅरिसमध्ये तर सूक्ष्म कण उलट वाढले होते.

गाड्या बंद असूनही कण कुठून आले?

पीएम २.५ म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पटींनी बारीक कण. ते थेट फुप्फुसात खोलवर जातात. हे कण फक्त गाड्यांमधून येत नाहीत. चुलीचा धूर, जाळलेला कचरा, कोळशावरची वीज केंद्रं, शेतातल्या खतांमधून निघणारा अमोनिया, वाऱ्याबरोबर येणारी धूळ, असे त्याचे अनेक स्रोत आहेत. यातले बरेच लॉकडाऊनमध्येही चालूच होते. फेब्रुवारी २०२० मध्ये बीजिंगमधली रहदारी खूप कमी झाली होती, तरीही तिथे दाट धुरकं पसरलं. वारा मंद होता आणि हवेत दमटपणा जास्त होता.

आणि ओझोन चक्क वाढला!

जमिनीलगतचा ओझोन श्वसनाला घातक असतो. गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड शहरातला काही ओझोन संपवत असतो. धूर कमी झाला, तसा हा ओझोन संपवणाराही कमी झाला. त्यामुळे अनेक शहरांत ओझोनची पातळी वाढली. एक प्रदूषक कमी केला म्हणून दुसराही आपोआप कमी होतोच असं नाही.

यातून हाती काय लागलं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषानुसार २४ तासांत पीएम २.५ ची सरासरी १५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको. देश ठप्प असतानाही दिल्लीची सरासरी त्याहून जास्तच होती. निर्बंध उठले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये दिवाळीच्या सुमारास दिल्लीची हवा पुन्हा 'गंभीर' श्रेणीत गेली.

तो निळा रंग फार महागात पडला होता. लाखो मजूर पायी गावाकडे निघाले, हातावर पोट असलेल्यांची चूल विझली. त्यामुळे लॉकडाऊन हा प्रदूषणावरचा उपाय होऊच शकत नाही. त्यातून दोन गोष्टी मात्र स्पष्ट झाल्या. गाड्यांचा धूर कमी केला तर फरक काही दिवसांत दिसतो. पण स्वयंपाकाचं इंधन, कचरा, कोळसा आणि धूळ यांच्यावर वर्षभर काम केलं नाही, तर नुसत्या रिकाम्या रस्त्यांनी हवा शुद्ध होत नाही.