डोळा काळा की पिवळा?

इराणच्या शाह अब्बासने मोगल बादशहा जहांगीर याला एक ससाणा भेट पाठवला होता. दरबारात पोचण्यापूर्वीच, सांभाळणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे, मांजराने त्याला जखमी केले. त्यानंतर तो जेमतेम आठवडाभर जगला. १६१९ सालची ही हकीकत जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात नोंदवली आहे. पक्ष्याच्या अंगावरील काळ्या खुणा त्याला इतक्या आवडल्या, की त्याने उस्ताद मन्सूरला त्याचे चित्र काढण्याचा हुकूम दिला.

दरबारी चित्रांतले शिकारी पक्षी बहुधा एका बाजूने दाखवलेले असतात. पायांत चामडी वाद्या, बसायला दांडी किंवा हातमोजा घातलेला हात. त्यामुळे डोळा, चोच आणि नख्या आपल्याला स्पष्ट दिसतात. आधी डोळा पाहू.

शिकारी पक्षी पाळणारे त्यांचे दोन गट करीत. काळ्या डोळ्यांचे ते 'स्याह-चश्म': बहिरी ससाणा, लग्गड वगैरे. पिवळ्या-तांबूस डोळ्यांचे ते 'गुलाब-चश्म': बाज, शिक्रा वगैरे. फरक केवळ रंगाचा नव्हता. ससाण्याचे पंख लांब व टोकदार. तो मोकळ्या आकाशात वरून झेप घेतो आणि वरच्या चोचीच्या कडेवरील दातासारख्या टोकाने भक्ष्याची मान मोडतो. बाजाचे पंख आखूड व गोलसर, शेपटी लांब. तो झाडांतून अचानक झडप घालतो आणि नख्यांनीच मारतो.

लिनियसने १७५८ साली ससाणे, बाज, घारी, गरुड या सर्वांना 'फाल्को' या एकाच प्रजातीत घातले. पुढे ती वेगळी केली गेली, तरी ती जवळची नातेवाईक मानली जात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए-अभ्यासाने मात्र वेगळेच दाखवले: ससाणा हा बाजापेक्षा पोपटाला आणि चिमणीला जवळचा आहे! बाकदार चोच व तीक्ष्ण नख्या दोघांत स्वतंत्रपणे, सारख्या राहणीमुळे आल्या. पक्षी पाळणाऱ्यांना हे नाते ठाऊक नव्हते; पण त्यांनी रेघ मारली ती बरोबर जागी.

तरीही एकाच खुणेवर विसंबू नये. आपल्या घारीचे डोळे गडद तपकिरी असतात, पण ती ससाणा नव्हे. तिच्या चोचीला तो दात नसतो. वर्गात असे चित्र दाखवताना पक्ष्याचे नाव आधी सांगू नये. डोळा कसा, चोचीची कड कशी, मिटलेले पंख शेपटीच्या कुठवर पोचतात, हे मुलांनी आधी लिहावे आणि मग पक्षी कोणता ते ठरवावे.