स्टॉक फुटेज विकताना फाइल कोणती द्यावी?

एमओव्ही की एमपी४, हा वाद आधी बाजूला ठेवा. ही दोन्ही नुसत्या डब्यांची नावं; दर्जा ठरतो तो आतल्या कोडेकवर. बहुतेक स्टॉक एजन्सी प्रोरेस आणि एच.२६४ हे दोन्ही कोडेक स्वीकारतात.

अ‍ॅपलने २००७ साली आणलेला प्रोरेस संकलनासाठीच घडवलेला आहे. त्याचा '४२२ एचक्यू' हा प्रकार १० बिटचा. ८ बिटमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा मिळतात, १० बिटमध्ये १,०२४. फरक बघायचा तर सूर्यास्तानंतरचं आकाश बघा. ८ बिटच्या चित्रणात रंग थोडा जरी ओढला, तरी केशरीपासून जांभळ्यापर्यंत पट्टे उमटतात. क्लिप घेणारा रंग आपल्या हिशेबाने बदलणारच, म्हणून कॅमेऱ्यात १० बिटची सोय असेल तर ती वापराच.

अडचण आकाराची. ४के, २५ फ्रेमची २० सेकंदांची क्लिप प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये सुमारे १.८ जीबी होते. १०० एमबीपीएसच्या एच.२६४मध्ये तीच २५० एमबीत बसते. मोबाइल डेटावर अपलोड करणाऱ्याने हे गणित आधी मांडावं.

मूळ चित्रणच ८ बिट एच.२६४ असेल आणि त्याला हात लावला नसेल, तर प्रोरेसमध्ये बदलून फाइल फक्त फुगते, तपशील वाढत नाही. रंगकाम केलं असेल तर मात्र प्रोरेसच द्या, पुन्हा एच.२६४ केलं की आणखी तपशील गळतो. १०८०चं ४के करणं किंवा २५ फ्रेमचे ३० करणं पूर्ण टाळा.