लातूरच्या उन्हात मेक्सिकोचा जीव

अ‍ॅक्सोलोटल हा पाण्यात राहणारा सॅलॅमँडर मूळचा मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या थंड कालव्यांतला. त्याला 16 ते 18 अंशांचं पाणी मानवतं, आणि नांदेड-लातुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पंख्याने टाकीतलं पाणी दोन-चार अंश उतरतं, तेवढ्याने भागत नाही. पाणी थंड करणाऱ्या चिलरची ऐपत नसेल तर तो पाळायचा नाद न केलेलाच बरा.

बोअरचं जड पाणी मात्र त्याला चालतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवावं लागतं.

तळाशी बारीक वाळूच हवी. हा प्राणी तोंड उघडून भक्ष्य पाण्यासकट ओढून घेतो. त्यासोबत खडा गेला की आतडं तुंबतं. शिवाय तो वाळू उकरतो, रोपं उपटतो. म्हणून जावा फर्न, अनुबियास ही रोपं दगडाला दोऱ्याने बांधतात. त्यांचा आडवा कंद वाळूत पुरला तर कुजतो. दोन्हींना उजेड कमी लागतो. पापण्या नसलेल्या अ‍ॅक्सोलोटललाही तेच सोयीचं.

टाकी भरली की लगेच प्राणी आणू नये. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू रुजायला चार-सहा आठवडे जातात. पुढे शंभर लिटरच्या टाकीतलं वीसेक लिटर पाणी दर आठवड्याला बदलायचं. 2016मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातुरात हे काढलेलं पाणी कुंड्यांना घालावं, झाडांना ते खतच.